वळीव आणि शिडाची होडी
एप्रिल-मेमध्ये खडकवासल्यात शिडाची होडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ, असे सरसकट म्हणणे पटत नाही. वळीव बहुधा दुपारनंतरच गाठतो. सकाळ मोकळी असते. खरी गफलत होते ती दोरीत. शिडाची दोरी पक्की अडकवून ठेवली, की ढगाखालून सुटलेला पहिलाच झोत होडी आडवी करतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट! म्हणून दोरी हातातच हवी. झोत येताच सैल सोडायची, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळवायची. लांबवर पाणी काळवंडून खरखरीत दिसले, की शीड आधीच आखडावे. गडगडाट ऐकू आला तर मात्र हौस पुरे, तडक काठ गाठावा. उघड्या पाण्यात डोलकाठीच सर्वांत उंच असते, वीज तिच्यावरच पडू शकते. होडी उलटलीच तर काठाकडे पोहत सुटू नये, तिलाच धरून राहावे. आणि लाइफ जॅकेट अंगात हवे, बाकाखाली नव्हे.
– एक वाचक, पुणे