गिअरबॉक्स खोलण्याआधी खालचे रबर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वी गाडीची कामे उरकण्याचे हे दिवस आहेत आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या माझ्यासारख्यांना या दिवसांत गॅरेजमध्ये मोठमोठ्या खर्चाचे आकडे ऐकावे लागतात. अशाच एका आकड्याची हकिकत आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे २००४ सालची मारुती झेन आहे. गेल्या हिवाळ्यापासून पहिला गिअर टाकून क्लच सोडला की ती दोन-तीन हिसके देऊनच पुढे सरके, रिव्हर्स घेताना खालून ‘धप्’ असा आवाज होई आणि सिग्नलवर उभे असताना गिअरचा दांडा हाताखाली थरथरत राही. वर्धा रोडवर एकसारख्या वेगाने जाताना मात्र काहीच जाणवत नसे, त्यामुळे दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा, अशी शंका घरच्यांनी बोलून दाखवली होती. एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तेव्हा तेथील कारागिराने एक चक्कर मारली आणि बॉनेटसुद्धा न उघडता, “साहेब, गिअरबॉक्स खोलाच लागते,” असे सांगितले. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून १८ हजार रुपये.

गाडी तिथे दुरुस्तीला सोडायला मन होईना म्हणून एसटीच्या हिंगणा कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्याच वस्तीतल्या एका मिस्त्रींना ती दाखवली. त्यांनी हँडब्रेक ओढायला लावला, बॉनेट उघडले आणि स्वतः गाडीच्या समोर न थांबता बाजूला उभे राहून मला पहिल्या गिअरमध्ये क्लच क्षणभर अर्धवट सोडायला सांगितला, मग तेच रिव्हर्समध्ये. प्रत्येक वेळी इंजिन आपल्या जागेवरून उचलल्यासारखे कलंडत होते. नंतर त्यांनी खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिले, गिअरबॉक्सच्या माउंटिंगमध्ये, म्हणजे तो ज्यावर टेकतो त्या रबरी आधारात, टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच रेटली आणि म्हणाले, “काकाजी, गिअरबॉक्सले काही नाही झालं, रबर सुटलं तुमचं.” लोखंडी पट्टीला चिकटवलेले रबर एका बाजूने पूर्ण उखडले होते आणि उरलेल्या भागात बोटाचे नख जाईल एवढ्या भेगा होत्या.

ज्यांनी हा भाग कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांचा सगळा भार गाडीच्या सांगाड्यावर तीन-चार ठिकाणी, लोखंडात पक्क्या बसवलेल्या रबरांवर तोललेला असतो. कारागीर या रबरांना माउंटिंग किंवा फाउंडेशन म्हणतात. इंजिनाची थरथर गाडीत पोहोचू न देणे आणि चाकांना जोर मिळताना इंजिनाला उलट दिशेने वळू न देणे, ही दोन्ही कामे तेच करतात. रबर सुटले की प्रत्येक क्लचबरोबर हे सगळे वजन हलते, गिअरच्या जोडण्या आपल्या रेषेतून सरकतात, सायलेन्सरच्या पाइपवर ताण येतो आणि राहिलेल्या माउंटिंगवर जास्तीचा भार पडून तीही लवकर जातात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. त्या भट्टीत वर्षानुवर्षे राहिलेले रबर कडक होऊन तडकते. वरून इंजिनाचे ऑइल गळत असेल तर तेच रबर फुगून मऊ पडते. मग सिमेंट रस्ता जिथे संपतो तिथली पायरी किंवा गल्लीतला एखादा उंच गतिरोधक त्याचा शेवट करतो. आपल्या शहरात अशा पायऱ्यांची वाण नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक हिसका माउंटिंगमुळेच बसतो, असा माझा दावा नाही. क्लचप्लेटला तेल लागले तरी गाडी अशीच हिसकते, आणि इंजिनाचा आवाज चढूनही वेग वाढत नसेल तर क्लच घसरतो आहे असेच समजावे. पण बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहायला पैसे पडत नाहीत आणि गिअरबॉक्स उतरवायला पडतात, तेव्हा आधी काय करायचे यावर वाद होऊ नये.

रबर बदलण्याच्या कामातही एक बारकावा आहे. मिस्त्रींनी सपाट जागेवर चाकांना लाकडाच्या पाचरी लावल्या, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, बॅटरीची तार काढली आणि जॅकवर फळीचा तुकडा ठेवून गिअरबॉक्सचा भार जेमतेम पेलला जाईल इतकाच तो उचलला. जॅक इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली लावला तर पत्रा आत दबतो आणि इंजिन जास्त उचलले तर पाइप आणि तारा ताणल्या जातात. नवीन माउंटिंगचे सगळे बोल्ट त्यांनी आधी हातानेच धरवले, मग जॅक उतरवून भार रबरावर येऊ दिला आणि त्यानंतर पाना लावून ते कसले. भार अधांतरी असताना बोल्ट कसले, तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकते, थरथर कायम राहते आणि नवा भागही लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते, असे मिस्त्रींचे म्हणणे. सगळे काम दीड तासात झाले. रबराला ७५० रुपये लागले, मजुरी त्यांनी घेतली नाही.

मात्र ते रबर मिळवायला तीन दुकाने हिंडावी लागली. एका ठिकाणी वेष्टनाशिवाय ठेवलेला, हाताला दगडासारखा लागणारा तुकडा ‘ओरिजिनल’ म्हणून पुढे करण्यात आला. वेष्टित मालावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापणे २०११ च्या वैध मापन (वेष्टित वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे. रबराच्या भागाबाबत ती तारीख किमतीइतकीच काळजीने वाचावी, कारण रबर फळीवर पडूनही म्हातारे होते. जुन्या टायरचा तुकडा कापून मध्ये ठोकण्याचा जुगाडही मला सुचवण्यात आला. तो कामचलाऊ म्हणून दोन दिवस चालेल, पण गिअरबॉक्स त्याने आपल्या रेषेत राहत नाही.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते, आणि नागपुरात अशा गाड्या वापरणारे निवृत्त लोक, छोटे व्यावसायिक पुष्कळ आहेत. त्यांच्या वतीने शहरातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, गिअरबॉक्स किंवा क्लचचा खर्च सांगण्याआधी माउंटिंग तपासून ते ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे, आणि काढलेला जुना भाग न मागता परत द्यावा. पक्के बिल द्यावे हे तर विनंती करण्यासारखेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकांनीही ‘किती लागतील?’ हे विचारण्याआधी ‘काय पाहिलेत?’ असे विचारायला संकोच करू नये.

माझ्या गाडीचे जुने माउंटिंग मी जपून ठेवले आहे. १८ हजारांचा अंदाज देणाऱ्या त्या कारागिराला ते नेऊन दाखवले, तेव्हा त्याने ते दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि रागावण्याऐवजी, नवे कुठल्या दुकानात मिळाले, एवढेच विचारले. मी दुकानाचा पत्ता दिला.

आपला,
एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर