पाईप कसली आहे ते बिलावर लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विहीर खाली ओढ्याला आणि मळा वर माळावर, मधला चढ साधारण ५० मीटरचा. दोन वर्षांमागं मी कामावर होतो तेव्हा भावानं जाऊन पीव्हीसी पाईप आणली, दुकानदार म्हणाला शेतीचीच पाईप हाय घेऊन जावा, एवढंच. पहिल्याच महिन्यात दोन ठिकाणी उभी चिरली. चिखल पुसून वरचं छापील वाचलं तर ४ केजीची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब सोसणारी. आता १० मीटर उंचीला साधारण १ केजी दाब येतो म्हणजे ५० मीटरला पाण्याच्या उंचीचाच ५ केजी, वर घर्षणाचा आणि करंट गेला की पाणी मागं येऊन आदळतं तो दणका वेगळा, तिथं ८ केजीच्या खालची चालतच नाही. हे दोन वाक्यात सांगता आलं असतं पण भावानं विचारलं नाही आणि दुकानदारानंही चढ किती म्हणून विचारलं नाही.

मी बरीच वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मशीनला हवेच्या नळ्या जोडायचं काम केलंय म्हणून हे मनाला लागतंय. तिथं नळी म्हटलं की पहिला प्रश्न, कसली? पीयू (पॉलियुरेथेन) की नायलॉन? पीयू मऊ, हलत्या भागाला बरी पण उष्णता सोसत नाही, नायलॉन ताठ, दाब जास्त घेते पण वाकवली की मोडते, आणि भट्टीजवळ पांढरी टेफ्लॉन कारण ती २६० अंशापर्यंत टिकते. आणि गावात आलं की सगळ्याला एकच नाव, पाईप.

शेजारी गच्चीवर सोलर बसवला आणि प्लंबरनं गरम पाण्याला साधी पीव्हीसी टाकली. साधी पीव्हीसी ४५ अंशापर्यंतच्या पाण्यासाठी असते, दाबाचा आकडापण २७ अंशाला धरलेला असतो, सोलरचं पाणी दुपारी त्याच्या कितीतरी वर जातं. पाईप झोळीसारखी लोंबली आणि जॉइंट सुटला, नशीब खाली कोण नव्हतं. तिथं सीपीव्हीसी पाहिजे, ती ९० अंशाच्या आसपासपर्यंत चालते. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून नाव वाचूनच घ्यावी लागते आणि जोड चिकटवायचं सोल्युशनपण सीपीव्हीसीचंच घ्यावं लागतं.

सगळ्यात काळजी वाटते ती दुधाची. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात तीच काही घरांत दूध एका कॅनमधनं दुसऱ्यात ओढायला वापरतात, मी डोळ्यानं बघितलंय. पीव्हीसी मुळात कडक असते, ती मऊ व्हायला त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात आणि ते दुधाच्या फॅटमध्ये, खाद्यतेलात उतरतं. हीच नळी डिझेल इंजिनाला लावली तर थोड्या दिवसात लाकडासारखी कडक होते, कारण तेच, आतलं प्लास्टिसायझर डिझेलनं ओढून घेतलं. दुधाला फूड ग्रेड सिलिकॉनची नळी घ्यावी, महाग आहे पण उकळत्या पाण्यानं धुता येते. पेट्रोल-डिझेलला मात्र साधी सिलिकॉन नको, ती फुगते.

काळ्या पाईपचं वेगळं. एचडीपीई (पॉलिथिनची पाईप) आणि ठिबकच्या नळ्या काळ्या असतात ते रंगासाठी नाही, त्यात २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक असतं आणि तेच उन्हापासून वाचवतं, म्हणून स्वस्तातली रंगीत नळी कायम उन्हात टाकू नका, भुगा होतो. ही पाईप सोल्युशननं चिकटत नाही, गरम करूनच जोडावी लागते किंवा दाबाचं फिटिंग लागतं. आणि उन्हात वाढते, १०० मीटरला ३० अंशाचा फरक पडला तर साधारण दोन फूट, म्हणून ठिबक घालताना ताणून बांधली की रात्री आखडून टोकाची फिटिंग निघते. शंका आली तर एक चकती कापून पाण्यात टाका, एचडीपीई तरंगते, पीव्हीसी बुडते. काहीजण जाळून वास घेऊन ओळखतात, ते नका करू, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं.

पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसीबद्दल एक राहिलं. आधी ती टिकाऊ व्हायला शिसं घालायचे, आता केंद्रानं २०२१ मध्ये त्यावर नियम काढलेत, तेव्हा आयएस ४९८५ चा, म्हणजे पाण्याच्या पीव्हीसी पाईपच्या भारतीय मानकाचा, मार्क बघूनच घ्या, बिनछापाची कितीबी स्वस्त मिळाली तरी घरात आणू नका.

आता माझं मागणं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या पाईप दुकानदारांनी बिलावर नुसतं 'पाईप' न लिहिता कसली आहे, किती केजीची आणि कुठला आयएस नंबर एवढं लिहून द्यावं. आणि तुमच्या शेतीच्या पानावर हे मराठीत छापावं, पाईपवरचं छापील इंग्रजीत, अनुदानाचे कागद कन्नडात, आणि आमच्याकडची वडीलधारी माणसं मराठीच वाचतात. पावसाळा संपला की रब्बीसाठी पाईपा घ्यायची गडबड सुरू होते, त्याच्या आधी छापलं तर बरं होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. खानापूर