गडावर एका वेळी किती माणसं मावतात? मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात, सातव्या माळेला, सासूबाईंना घेऊन आम्ही कुलदेवीच्या गडावर गेलो होतो. गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की ही त्या एका गडाची तक्रार ठरेल आणि पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

पहाटे साडेतीनला पायथा सोडला. निम्म्या वाटेपर्यंत सगळं छान होतं. पुढच्या बाया प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत, कापराची वडी पेटवत चालल्या होत्या. मधेच कुणीतरी ‘उदे गं अंबे उदे’ म्हणायचं आणि तो आवाज खालपासून वरपर्यंत चढत जायचा. मग एका वळणावर रांग थांबली. चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर, मधे नुसती सुताची दोरी. ती कधी खाली गेली ते कळलंच नाही. वरचे उतरायला बघत होते, खालचे चढायला, आणि मधे आम्ही. माझ्या हातात ओटीची पिशवी होती. तिच्यातला नारळ बरगडीत असा रुतला की श्वास अर्धाच आत जाई. सासूबाईंचा पाय पायरीवरून सुटला होता. त्या पडल्या नाहीत, कारण पडायला जागाच नव्हती. शेजारच्या तरुणानं आपली लहानगी लेक डोक्यावरून मागे दिली. ती हातोहात कठड्यापलीकडच्या एका दुकानाच्या फळीवर जाऊन बसली आणि तिथून बापाला हाका मारत राहिली. या सगळ्या वेळात लाऊडस्पीकरवर कुणाच्या तरी हरवलेल्या पाकिटाची घोषणा चालू होती.

चाळीसेक मिनिटांनी सुटलो. दर्शन झालं, ओटी भरली, घरी आलो. ‘आईनं सांभाळलं,’ सासूबाई म्हणाल्या. माझाही विश्वास तोच. पण वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, जी सुमारे 300 माणसं चेंगराचेंगरीत दगावली, तीही काळूबाईचीच लेकरं होती. तो मंगळवार होता, म्हणजे देवीचाच वार. अरुंद, उभी वाट, फुटलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना दुकानं आणि नंतर त्या दुकानांना लागलेली आग. पुढे न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला.

त्यानंतरची यादी बघा. हिमाचलातली नैनादेवी, ऑगस्ट 2008: दरड कोसळल्याची अफवा आणि 100 हून अधिक मृत्यू. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या पहाटे, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यातली चामुंडा देवी: 200 हून अधिक. वैष्णोदेवी, 1 जानेवारी 2022: 12. हरिद्वारची मनसादेवी, जुलै 2025: पायऱ्यांच्या वाटेवर वीजप्रवाह उतरल्याची अफवा. सगळ्या देव्या डोंगरावरच्या. यात योगायोग नाही. मैदानात माणूस चार दिशांना पांगू शकतो, गडावर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. शिवाय मागच्याला पुढचं दिसत नाही. रांग थांबली आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो ढकलतो. तो वाईट नसतो, त्याला फक्त देवी बघायची असते.

‘चेंगराचेंगरी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात, कित्येकदा उभ्या उभ्या. एका चौरस मीटरवर सहा-सात माणसं झाली की कुणाचाच आपल्या पायांवर ताबा राहत नाही. सगळी गर्दी पाण्यासारखी हिंदकळू लागते. तिथे पोलीस शिट्ट्या मारून काही करू शकत नाहीत. नारळ बरगडीत रुतला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, नंतर वाचलं. आता ते जिने आठवले की झोप उडते.

म्हणून माझं एकच मागणं आहे: माणसं पायथ्याला मोजा. माथ्यावर मोजून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो. प्रत्येक गडाच्या माथ्यावर, सभामंडपात आणि जिन्यावर मिळून एका वेळी किती माणसं सुखरूप उभी राहतील, हे एकदा इंजिनियरकडून मोजून घ्या आणि तो आकडा पायथ्याला मोठ्या अक्षरांत लावा. तेवढी माणसं वर गेली की फाटक बंद. जेवढी उतरतील तेवढीच पुढची सोडायची. वैष्णोदेवीला पायथ्याच्या कटऱ्यात नोंदणी झाल्याशिवाय चढता येत नाही, आणि राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये तिथे दिवसाला 50,000 यात्रेकरूंची मर्यादा घातली. तरीही 2022 ची दुर्घटना घडली, हे मान्य. मर्यादा दिवसाची होती, चेंगराचेंगरी काही मिनिटांत होते. म्हणूनच मी दिवसाचा आकडा मागत नाही, एका वेळेचा मागते आहे.

रोपवे आणि ट्रॉलीबद्दलही थोडं बोलते. सप्तशृंगी गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून चढणारी, ट्रॉली आहे. गुडघे गेलेल्या कितीतरी आज्या तिच्यामुळे त्या अठरा हातांच्या आईसमोर उभ्या राहू शकल्या, त्यांच्या तोंडावर मी रोपवेच्या विरोधात कसं बोलू? पण कुठल्याही गडावर वर नेण्याचा वेग वाढला म्हणून गाभारा वाढत नाही. नवा रोपवे मंजूर करताना डब्यात किती माणसं बसतात हे कागदावर येतंच. ती वर उतरल्यावर कुठे उभी राहणार, हेही त्याच कागदावर यावं.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे, जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत, आणि यात्रांमधल्या गर्दीबद्दल राष्ट्रीय प्राधिकरणाची मार्गदर्शिकाही 2014 पासून उपलब्ध आहे. लागेल ते फाटक, मोजणारा माणूस आणि ‘साहेबांचे पाहुणे’ आले तरी फाटक न उघडण्याची मुभा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, याची मला कल्पना आहे, म्हणून तर आपल्याला लिहिते आहे.

नारळ फोडायची जागा जिन्यापासून लांब हवी आणि उतरायला वेगळी वाट हवी, हे सांगायला तज्ज्ञ नकोत. लाऊडस्पीकरवर मात्र पाकिटाआधी ‘पुढे रांग थांबली आहे, ढकलू नका’ एवढं सांगितलं जावं.

सासूबाईंनी यंदाच्या नवरात्रासाठी खण आत्ताच आणून ठेवला आहे. ‘किती वाजता निघायचं?’ असं रोज विचारतात. तेव्हा घटस्थापनेच्या आत आमच्या जिल्ह्यातल्या गडांचे ते आकडे जाहीर झाले, तर त्यांना उत्तर देता येईल.

आपली,
एक माहेरवाशीण