वर न बघता आकाश

पुणे, रविवार रात्र

प्रिय विन्या,

"काय बनवलंस एवढं त्या जॅममध्ये?" असं तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. बरंच झालं. दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तू "हं, भारी" म्हणून विषय मिटवला असतास. आता चहा घेऊन बस, कारण मी आवरतं घेणार नाही.

जॅम म्हणजे दिलेल्या विषयावर ठरल्या मुदतीत गेम बनवायची स्पर्धा, आणि या वेळची थीम होती 'आकाश आणि समुद्र'. शुक्रवारी रात्री जाहीर झाली, सोमवारी रात्री गेम चढवायचा. चित्रं, कोड, आवाज सगळं त्याच मुदतीत. लडम डेअर नावाचा जॅम भरवणारे २००२ पासून माणसांना असेच झोपेला मुकवत आलेत, त्यांच्या एकट्याने करायच्या स्पर्धेत तर ४८ तासच मिळतात. त्या मानाने आमचा कारभार उदार.

दोन गोष्टींची थीम आली की बहुतेक जण काय करतात ते तुला माहीत आहे. स्क्रीनचे दोन तुकडे. वर विमान, खाली पाणबुडी. नाहीतर पक्षी सूर मारतो आणि मासा घेऊन वर येतो. हा गेम तर इतक्या जणांनी केला होता की शेवटी मला त्या माशांचीच दया यायला लागली. मला दोन जगं नको होती. ती जिथे एकमेकांना लागतात तेवढीच पातळ जागा हवी होती.

ती सापडली शेडर, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांचा रंग ठरवणारा कोड, लिहिताना. पाणी काढायचं म्हटलं की एक हिशोब टाळता येत नाही. पाण्याकडे सरळ खाली बघ, पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के उजेड परततो. बाकीचा आत जातो, म्हणून तळ दिसतो. नजर क्षितिजाकडे सरकवत नेलीस की हा आकडा बराच वेळ रेंगाळतो आणि शेवटी एकदम उसळून शंभराकडे धावतो. श्लिक नावाच्या संशोधकाने १९९४ मध्ये याचं सोपं सूत्र दिलं, पाचव्या घाताचं, आणि गेमवाले तेव्हापासून तेच चिकटवत आलेत. मीसुद्धा. थोडक्यात, होडीतून पायाशी बघितलंस तर समुद्र दिसतो, लांब बघितलंस तर आकाश. आणि मधे एक पट्टा असा, की तिथे दोन्ही एकात एक कालवलेले असतात.

इथे मला सी. व्ही. रामन आठवले. ही गोष्ट मूळ तूच सांगितलेली, हॉस्टेलच्या गच्चीवर, त्यामुळे श्रेय तुझंही आहे (बक्षीस काही नव्हतं, तेव्हा वाटणीची चिंता नाही). १९२१ साली ते इंग्लंडहून नारकुंडा बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची ती निळाई बघून त्यांना ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं पटेना. रॅले यांचं मत असं, की खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाच्या निळ्याचं प्रतिबिंब, दुसरं काही नाही. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्यावरून एका ठरावीक कोनात परतणारा उजेड एकाच दिशेत कंप पावतो, आणि प्रिझम योग्य तसा फिरवला की तेवढाच उजेड अडतो. डेकवर उभं राहून त्यांनी पाण्यावरचं आभाळ पुसून टाकलं. निळा तरीही उरला. नुसता उरला नाही, जास्त खुलला. 'नेचर'ला धाडलेल्या पत्रावर स्थळ आहे: एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर, २६ सप्टेंबर. म्हणजे बोट धक्क्याला लागते न लागते तोच मजकूर तयार! पाणी तांबडा रंग शोषून घेतं, त्याचा या निळाईत मोठा वाटा आहे हे आज आपण जाणतो, पण आभाळ पुसून बघण्याची ती युक्ती काही जुनी होत नाही.

माझा गेम एवढाच आहे. तू होडीच्या पुढच्या टोकाला ओणवा आहेस. माऊसने नजर जवळ-लांब न्यायची, त्याच्या चाकाने हातातला प्रिझम फिरवायचा. कॅमेरा वर उचलता येत नाही. अजिबात नाही. आभाळ बघायचं तर पाण्यातच. प्रिझम एका बाजूला असला की ढग दिसतात: कुठून चढतायत, कुठे पांगतायत, त्यावरून वाऱ्याचा नेम धरायचा. प्रिझम फिरवला की ढग विरतात आणि खालचे खडक वर येतात. दोन्ही एका वेळी कधीच नाही. शिवाय आभाळ पूर्ण पुसलं जातं ते उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांवर बघितलं तरच. त्याच्या पलीकडे ते नुसतं विरळ होतं, आणि लांबचे खडक धूसरच राहतात. मुद्दाम अवघड केलेलं नाही. पाणी असंच वागतं. मी फक्त त्याच्या आड आलो नाही.

होडी कोकणातली. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी खारे वारे सुटले की त्यांच्यावर परत यायचं. यामुळे गेमला आपोआप सुरुवात आणि शेवट मिळाला, वेगळं घड्याळ लावावं लागलं नाही. आणि खडकांवर किती पाणी आहे हे ठरतं तुझ्या काकांच्या हिशोबाने! हर्णैला त्यांनी आपल्याला शिकवलं होतं ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. सुरुवातीला कॅलेंडरचं एक पान दिसतं, त्यावर तिथी असते, आणि बाकी काही सांगितलेलं नसतं. अमावास्या आली तर उधाण, अष्टमी आली तर भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. परदेशातले खेळणारे सरळ जाऊन खडकावर आपटत होते. एकाने मात्र स्वतःच हिशोब शोधून काढला आणि खाली लिहिला. त्या दिवशी मी ऑफिसात उगीचच खूश होतो.

बाकी बरंच काही कापलं. मासे गेले, वादळ गेलं, रात्रीचा भाग गेला. तू असतास तर पहिल्याच रात्री म्हणाला असतास, "पिको-८ घे, १२८ गुणिले १२८ पिक्सेल, १६ रंग, गप बस." पण पिको-८ हे गेम बनवायचं मुद्दाम तोकडं ठेवलेलं साधन, त्याच्या १६ रंगांत प्रतिबिंबाचं हे विरणं जमलं नसतं, म्हणून गोडो या मोठ्या गेम-इंजिनात केलं.

अभिप्राय गमतीचे आले. एकाने लिहिलं, "छान आहे, पण आकाश कुठे आहे?" दुसरा गळाने मासे धरणारा निघाला; त्याला काही समजवावंच लागलं नाही, कारण तो पाण्यावरची चमक अडवणारा पोलराइज्ड गॉगल घालून हेच करतो. नावीन्यात वरचा नंबर, मजेत पार खालचा. माझ्या मते हा न्याय योग्यच आहे. पहिल्या खडकापर्यंत गेममध्ये मजा अशी नाहीच.

मला स्वतःला आवडलेला गेम मात्र दुसऱ्याचाच. त्यात एकच दोरी आहे. वरच्या टोकाला पतंग, खालच्या टोकाला नांगर, मधे धरलेला तू. वारा वर ओढतो, प्रवाह खाली. दोन बटणं, बस्स. असलं काही सुचलं की माणूस शेडरबिडरच्या भानगडीत पडत नाही. मला मनापासून हेवा वाटला.

आता कामाचं. माझ्या गेमला आवाज नाही म्हटलं तरी चालेल. सपाट खरखर घेतली, तिच्यातला वरचा सूर गाळला, हळूहळू कमी-जास्त केली आणि तिला समुद्र म्हटलं. लांबून खपतं. पण होडीत बसलेल्याला लाटा फुटण्याचा आवाज येत नाही, पाणी होडीच्या बुडाला लागतं तो येतो, आणि तो मला बनवता आला नाही. गणपतीला तू हर्णैला जाणारच आहेस. कुणाच्या तरी होडीत बसून तेवढा टिपून आण. मशीन बंद असताना, वल्ह्यावर. फोनच्या माइकवर स्पंजचा तुकडा बांध, नाहीतर नुसता वाराच येईल. भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळं घे, मला फरक ऐकायचा आहे.

आणि लॅपटॉप नेलास तर काकांना गेम खेळायला दे. तिथीचं आधी सांगू नकोस, बघ ते स्वतः ओळखतात का. वर बघता येत नाही म्हणून चिडले, तर काय म्हणाले ते शब्दशः लिहून पाठव. शिव्यांसकट.

तुझा,
निख्या