जंगल कायद्याची कलमेही वाचायला हवीत

महोदय,

इंग्रजी राजवटीतील दडपशाहीच्या कायद्यांचा विषय निघाला की आपल्याकडील लेखन बहुधा राजद्रोहाच्या कलमापाशी, म्हणजे भारतीय दंडविधानाच्या १२४अ पाशी, येऊन थांबते. ते स्वाभाविक आहे. याच कलमाखाली टिळकांना १८९७ मध्ये १८ महिन्यांची आणि १९०८ मध्ये ६ वर्षांची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस संप केला. परंतु राजद्रोहाचा खटला भरला जाण्यासाठी आधी लिहावे किंवा भाषण करावे लागे. ज्याने कधी वर्तमानपत्र हाती धरले नव्हते, त्याच्या दाराशी सरकारी शिक्षा आली ती जंगल कायद्याच्या रूपाने, आणि या बाजूकडे आपण फार कमी पाहिले आहे, असे मला मनापासून वाटते.

१८७८ च्या कायद्याने राखीव जंगल म्हणून जी हद्द आखली, तिच्या आत गुरे चारणे, मोळी बांधणे, फांद्या तोडणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार परवानगीवाचून गुन्हा ठरले. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठी राब भाजावा लागे, म्हणजे रोपाची जमीन पालापाचोळा जाळून तयार करावी लागे, आणि त्यासाठी झाडांचा टाहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, लागत. तो तोडण्यावर बंधने येताच एवढा असंतोष उसळला, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनीही त्याच दशकात, या खात्याने डोंगर आणि गायराने गिळून शेतकऱ्याच्या शेळ्यांनाही जागा ठेवली नाही, अशी तक्रार मांडली होती.

१९२७ चा सुधारित कायदा तर मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलातील आगळिकीसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. रानात शिरलेले जनावर कोंडवाड्यात गेले, तर म्हशीमागे २ रुपये, गाय-बैलामागे १ रुपया आणि शेळी-मेंढीमागे ८ आणे इथपर्यंत दंड वाढवण्याची मुभा ७१ व्या कलमाने सरकारला दिली. पण माझ्या मते याहून घातक कलमे दोन होती. ६९ व्या कलमानुसार जंगलातील माल सरकारचा की खाजगी असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरला जाई. म्हणजे डोक्यावरची मोळी आपल्याच बांधावरची आहे, हे सिद्ध करण्याचा भार ती वाहणाऱ्या बाईवर. ६८ व्या कलमाने तर केवळ गुन्ह्याचा वाजवी संशय असलेल्या माणसाकडून ५० रुपयांपर्यंत रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार वन अधिकाऱ्याला मिळाला. न्यायालयाचे तोंडही न पाहता गरिबाच्या कनवटीचे पैसे जाण्याची ही सोय कायद्यानेच करून ठेवली होती.

म्हणूनच १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हा समुद्रापासून दूर असल्याने मिठाचा कायदा मोडू न शकणाऱ्या मराठी मुलखाला मोडण्यासाठी दुसरा कायदा शोधत बसावे लागले नाही. लोकनायक अणे यांनी जुलैत पुसदला राखीव जंगलातील गवत कापले. शिराळा भागातील बिळाशीत सत्याग्रहात उभारलेल्या राष्ट्रीय निशाणाच्या रक्षणासाठी बायका पुढे आल्या. किनाऱ्यालगतच्या कुलाबा जिल्ह्यातही, उरणजवळच्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्यात बळी पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. सरकारी बाजूचीही माणसे त्या दिवशी दगावली. हा तोच कुलाबा जिल्हा आहे, जेथील टाहाळाच्या तक्रारी ४५ वर्षांपूर्वी आयोगापुढे गेल्या होत्या. चिरनेरची माणसे काँग्रेसच्या हाकेला धावून गेली हे खरेच, परंतु त्यांच्या हातातला कोयता त्या हाकेच्या कितीतरी आधीपासून गुन्हेगार ठरलेला होता. चळवळ वरून खाली झिरपली, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा हा जुना राग हिशेबात धरलेला नसतो.

सप्टेंबरात हुतात्म्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात, फुले वाहिली जातात, आणि ते योग्यच आहे. पण ही माणसे नेमकी कोणत्या कलमाविरुद्ध उभी राहिली, हे त्या प्रसंगी क्वचितच कोणी सांगते. आपल्या वृत्तपत्राने यंदा त्या दिवशी कलम ६८ आणि ६९ चा मजकूर सोप्या मराठीत छापावा, आणि त्या गावांत राब, चराई, कोंडवाडा यांच्या ज्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आजही सांगितल्या जातात, त्या नोंदवण्यासाठी वार्ताहर पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक