मंद्या 'जातो' म्हणाला

पम्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक, पाठ दुखतेच. पत्र मंद्यामुळे लिहितोय, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

परवा त्याचा फोन होता. सामान, व्हिसा वगैरे सगळं बोलला आणि शेवटी म्हणाला, 'चल, जातो.' जातो! दारात चप्पल घालून तासभर 'येतो, येतो' करत उभा राहणारा माणूस हा! 'जातो नाही, येतो म्हणावं' हे त्याच्याच आईने आपल्याला कितीदा सुनावलंय. मी काही बोलायच्या आत फोन कट.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. बंगाली लोकही निघताना 'आशि' म्हणजे येतोच म्हणतात, तमिळवाले 'पोयिट्टु वरेन', जाऊन येतो, म्हणजे हे खूळ एकट्या मावशींचं नाही. फ्रेंचांचं रोजचं 'ओ रव्हार' म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत, 'अद्यू' म्हणजे देवाच्या हवाली, ते बहुतेक ठिकाणी कायमच्या निरोपालाच राखून ठेवतात. रशियनांचं तसलंच 'प्रश्शाय', त्याचं मूळ तर माफ कर म्हणण्यात आहे. मंद्या कशाची माफी मागतोय रे?

तू म्हणशील, मुळं उकरून काय मिळतं. बरोबरे. इटालियनांचं 'चाव' हे व्हेनिसकडच्या 'मी तुमचा गुलाम'चं झिजून उरलेलं थोटूक, म्हणून काही ते म्हणणारा कुणी पाणी भरायला येत नाही. 'गुडबाय'मध्ये 'देव तुझ्याबरोबर असो' अख्खं चेंगरून बसलंय, तरी नास्तिक खुशाल म्हणतात. आणि 'सायोनारा' म्हणजे मुळात नुसतं 'असं असेल तर...', पुढे काहीच नाही! ट्रिपच्या पैशांवरून भांडलास तेव्हा तूही 'असं असेल तर' म्हणूनच फोन आपटला होतास, जपानी कुठला. (ते पैसे अजून तुझ्याकडेच आहेत.)

कोरियन लोकांचं मात्र पटलं. जाणारा म्हणतो 'नीट राहा', मागे राहणारा म्हणतो 'नीट जा', दोघांची वाक्यं वेगळी. मंद्याने त्याचं वाकडंतिकडं का होईना, म्हटलं. आपलं बाकी आहे. मी फोन केला तर भांडण होणार, तुला माहितीये. तू कर.

नवी नोकरी कशीय? पोरीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार.

त्याचं विमान शनिवारी रात्री आहे, संध्याकाळनंतर तो उचलणार नाही, दुपारीच लाव.

तुझा,
बंड्या