पंचेचाळीस दिवसांची पोच कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवान्याच्या जुन्या बंदुकांची आपसातली विक्री सरकारने बंदच करावी, ज्याला घ्यायची त्याने दुकानातून घ्यावी, असा सूर हल्ली वरचेवर ऐकू येतो. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा बैलबाजार असतो : रुमालाखाली बोटे धरली, सौदा तुटला, दावे हाती दिले. बंदुकीचे तसे नाही आणि आजचाच कायदा ते तसे होऊ देत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ५ पाहा. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक विकायला व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही, मात्र विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या ठाणेदाराला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. घेणाराही ती बंदूक बाळगायला पात्र हवा, म्हणजे परवाना हवाच. न कळवता किंवा मुदतीआधी विकली तर कलम २५ खाली गुन्हा. बिनपरवाना बंदूक ज्याच्या घरात सापडेल त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद. हा कायदा सैल आहे असे कोणी म्हणू नये.

घोडे अडते ते या लेखी खबरीच्या पोचेपाशी. कास्तकार अर्ज घेऊन ठाण्यात गेला की ठाणे अंमलदार म्हणतो, हे कलेक्टर ऑफिसचे काम. कलेक्टर ऑफिसातला बाबू म्हणतो, आधी ठाण्याचा अहवाल आणा. कायद्यात दोघांच्या मध्ये ‘किंवा’ लिहिले आहे, तो कोणी वाचत नाही. अर्जावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडला नाही तर ४५ दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे? मुदतच सुरू होत नाही आणि विक्री कायदेशीर होत नाही. मग कोणीतरी शहाणा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून बंदूक देऊन टाकतो. तो कागद ट्रॅक्टरच्या सौद्याला चालेल, बंदुकीला नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर तिची नोंद नाही, विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती उतरलेली नाही. उद्या काही घडले तर पोलीस परवान्यावरचे नाव पाहून जुन्या मालकाच्या दारात येतील.

ज्यांना हे रीतसर करायचे आहे त्यांनी अर्जात परवाना क्रमांक, यूआयएन (परवान्याला मिळालेला एकमेव ओळख क्रमांक), बंदुकीचा प्रकार, बोर (नळीचे माप), बनवणारी कंपनी, नंबर आणि घेणाऱ्याच्या परवान्याचा तपशील लिहावा, अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिक्का देत नसतील तर पोचपावतीच्या टपालाने पाठवावा. दोन्ही परवान्यांवर नोंदी होईपर्यंत बंदूक मूळ मालकाच्याच ताब्यात राहू द्यावी, पैसे आधी मिळाले असले तरी.

खरी मेख नंबरात असते. जुन्या दुनळीवर नंबर एकाच जागी नसतो. नळीच्या बुडाशी खालच्या सपाट बाजूला, लोखंडी चापावर (म्हणजे बोटाने ओढायचा घोडा नव्हे, नळी ज्यावर मिटून बसते तो भाग) आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या पत्र्यावर, असा तीन ठिकाणी सापडतो. पुढचे लाकूड काढून नळी उतरवल्याशिवाय तो नीट दिसत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कारकुनाने वरवर दिसेल तो आकडा उतरवला, पुढे दर नूतनीकरणात तोच नकलला गेला. कधी तर एका बंदुकीची नळी दुसरीला बसवलेली निघते. कागदावर ३ आणि लोखंडावर ८ असेल तर तपासणीत ती ‘दुसरीच बंदूक’ ठरते. म्हणून विकायची ठरवण्याआधी तिन्ही नंबर भिंगाखाली वाचावेत, फरक असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज करावा आणि मगच ४५ दिवसांची खबर द्यावी. उलट क्रमाने केले की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

घेणाऱ्यानेही नुसता परवाना पाहून भुलू नये. जुन्या बारा बोरच्या कित्येक बंदुकांची कोठी (काडतूस बसते ती जागा) ६५ मि.मी. काडतुसाची असते, तर बाजारात ७० मि.मी. सर्रास मिळते. ते आत सरकते, चापही बसतो, म्हणून माणसाला वाटते चालते. पण बार उडताना काडतुसाचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. पातळ झालेली जुनी नळी तो किती वेळा सोसेल? नळीत उजेडाकडे तोंड करून पाहावे. खड्डे दिसले, बाहेरून पोचा दिसला, चाप बंद केल्यावर नळी हलली, तर ती बंदूक फुकटही घेऊ नये. आणि स्कुटीच्या डिकीत बसावी म्हणून नळी कापणाऱ्या महाभागांना एवढेच सांगणे की परवान्यावाचून नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ६ वाचा.

जुन्या एकनळीला मागणी का, हेही शहरातल्या वाचकाने समजून घ्यावे. पीकसंरक्षणासाठी कलम १३ मध्ये मुळात ठासणीची, आपल्याकडच्या भाषेत भरमार बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही असे वाटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा परवाना देणाऱ्याला आहे. भरमारचे दुखणे असे की पावसाळी रात्री दारू दमट होते, टोपी फुटते पण बार होत नाही. अंधारात जागल करणारा माणूस गोंधळतो, आधीचा बार आत आहे हे विसरतो आणि वरून दुसरा ठासतो. पुढच्या वेळी दोन्ही एकदम पेटले की नळी फाटते, हाताचा पंजा जातो. बारा बोरमध्ये हा घोळ नाही, चाप उघडला की आत काय आहे ते दिसते. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. आपसातली विक्री बंद केली तर नागपूर-अमरावतीच्या दुकानांपर्यंत जाणे आणि त्यांचा दर, दोन्ही कास्तकाराच्या बोकांडी बसतील.

एक गोष्ट मात्र आमच्याच लोकांना सुनावली पाहिजे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ते मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. गावात वाटा घालायचा नसतो. धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून बार काढणे आणि कळप पांगवणे, बहुतेकांच्या बंदुकीचा उपयोग एवढाच. लग्नाच्या वरातीत बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता वारसांचे. बाप गेला, बंदूक कोठीतल्या पेटीत तशीच राहिली, मुलाला वाटते घरचीच आहे. परवानाधारक वारला त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणालाही ती जवळ ठेवण्याचा हक्क उरत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, आणि ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःच्या नावे परवाना काढून सोडवायची किंवा पात्र माणसाला विकायची. मुदत गेली की जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. बाप हयात असतानाच हे उरकता येते : २०१६ च्या नियमांत परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे राहिली की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. ही तरतूद कोणत्याही तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावी, अर्ध्या पेट्या रिकाम्या होतील.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, त्यावर परवानाधारकांचा राग सर्वांत जास्त आहे आणि तो रास्त आहे. निवडणूक आयोगाने जिल्ह्यात छाननी समिती सांगितली आहे. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सापडलेले यांचा विचार करून कोणाची बंदूक जमा करायची ते समितीने ठरवायचे. सरसकट जमा करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानेही निकाल दिला आहे. तरी ठाण्यातून सगळ्यांनाच निरोप येतो. २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला, बंदुका परत मिळायच्या त्यानंतर आठवड्याने. म्हणजे तूर फुलावर-शेंगेवर, हरभरा नुकताच वर आलेला, आणि डुकरांना मोकळे रान.

जमा करायचीच वेळ आली तर नळी आतून-बाहेरून मशीनच्या तेलाने पुसावी आणि चामडी खोळीत घालून देऊ नये. खोळ ओल धरते, महिन्याभरात नळीवर तांबेरा चढतो. पावतीवर फक्त ‘बारा बोर एक नग’ लिहून घेऊ नये. नंबर, नळ्या किती, दस्त्याला चीर आहे का, काडतुसे किती, सगळे लिहून मागावे. मालखान्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी गळून पडते आणि परत घेताना शेजारच्या गावची बंदूक हाती येते. ती घरी आणली की तुम्ही बिनपरवाना बंदूकवाले झालात.

तेव्हा विक्रीवर बंदी आणण्याआधी सरकारने तीन साध्या गोष्टी कराव्यात. कलम ५ च्या खबरीची पोच प्रत्येक ठाण्यात त्याच दिवशी मिळावी, जिल्हा कार्यालयाने एकदा तालुक्याला येऊन बंदुकांचे नंबर परवान्याशी ताडून द्यावेत, आणि मालखान्यातल्या बेवारस पडलेल्या बंदुका सरकारजमा करण्याआधी पोलीस पाटलामार्फत वारसांच्या घरी लेखी नोटीस जावी. नुसती ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलेली नोटीस नको.

आपले,
काही परवानाधारक कास्तकार
वणी-मारेगाव परिसर, जि. यवतमाळ